दाढ काढली म्हणून भाकरी सुटत नाही

पत्र: डॉक्टरताई, नमस्कार. मी सोलापूरला विडी घरकुलात राहते. वय ५३. घरी विड्या वळते. चार वर्षांपासून साखरेच्या गोळ्या चालू आहेत. सहा दिवसांपूर्वी उजव्या बाजूच्या खालच्या दोन आणि वरची एक अशा तीन दाढा काढल्या. डॉक्टर म्हणाले, मऊ खा. म्हणून चहा-बिस्किट, केळं, दूध-साखरेत बुडवलेला पाव यावर दिवस काढतेय. दोन वेळा घेरी आली. सासूबाई भात खाऊ देत नाहीत, म्हणतात पू धरतो. सुनेनं मोबाइलच्या बॅटरीनं बघितलं तर खड्ड्यात पांढरं दिसतंय. दुखणं पहिल्यापेक्षा कमी आहे, पण जीभ सारखी तिथंच जाते. शेजारीण म्हणते, वरची दाढ काढली की नजर जाते. मिश्री तीन दिवस बंद ठेवली, चौथ्या दिवशी राहवलं नाही. भाकरी कधी खाऊ? कडक भाकरी तर स्वप्नात येते. आणि काढलेल्या दाढा डॉक्टरांनी कागदात बांधून दिल्यात, त्यांचं काय करू?

उत्तर: ताई, नमस्कार.

भाकरीचं, नजरेचं सगळं सांगते, पण आधी घेरीचं. ते वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय. मला मात्र काळजी त्याचीच वाटली, खड्ड्यातल्या पांढऱ्याची नाही.

साखरेची गोळी तुम्ही रोजच्यासारखी घेताय आणि पोटात रोजच्यासारखं जेवण जात नाही. काही गोळ्या अशा असतात की बाई जेवली की उपाशी आहे हे त्या बघत नाहीत, रक्तातली साखर खाली ओढतातच. मग हातपाय कापतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढं अंधारी येते. पुन्हा असं झालं तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्या, पंधरा मिनिटं बसून राहा आणि मग पोटाला काहीतरी खा. साखरेच्या डॉक्टरांना मात्र आजच गाठा. ‘दाढा काढल्यात, जेवण निम्म्यावर आलंय, गोळीचं काय करू?’ एवढंच विचारा. दुखण्याची गोळी रिकाम्या पोटी घेत असाल तर तेही सांगा. आपल्या मनानं कुठलीच गोळी बंद करू नका. आणि ज्या घरात साखरेची गोळी चालू आहे, त्या घरात बिस्किट आणि दूध-साखर हे आजारपणाचं जेवण होऊच शकत नाही. त्यानं साखर भसकन चढते, आणि साखर चढलेली राहिली की जखम भरायला वेळ लागतो, पू धरायची भीतीही वाढते. म्हणजे सासूबाई ज्याला भितात ते भातानं नाही, बिस्किटानं व्हायचं.

यात दोष तुमचा नाही. दाढ काढायला आम्ही अर्धा तास घेतो आणि ‘मऊ खा’ म्हणायला दोन सेकंद. पेशंट उठून जातो आणि घरी जाऊन मऊ म्हणजे काय ते स्वतःच ठरवतो. तीसेक वर्षं दवाखाना चालवला, मीसुद्धा हेच करत आले. यंत्रमागावरचा एक कामगार तिसऱ्या दिवशी गाल धरून आला होता. काय खाल्लं विचारलं तर म्हणाला, ‘तुम्ही सांगितलं तसं मऊच. पातळ पोह्यांचा चिवडा.’ त्या दिवसापासून मी पदार्थांची नावं घेऊन सांगायला लागले. तशीच तुम्हालाही सांगते.

भाकरी आजपासून खा. ज्वारीची, ताजी, जरा जाडसर थापलेली. तव्यावरून उतरली की वरचा पापुद्रा आणि कडा घरातल्यांना द्या. आतला मऊ गर वरणात किंवा आमटीत कुस्करा, वर झाकण ठेवा, दहा मिनिटं जाऊ द्या. कोमट झालं की डाव्या बाजूनं खा. म्हाताऱ्या माणसांना आपण काला करून देतो ना, तोच. मालदांडीची ज्वारी घरात असेल तर फारच चांगलं, तिची भाकरी मऊ राहते. फक्त आमटीत काळं तिखट बेतानं. ताज्या जखमेला तिखट झोंबतं, आणि झोंबलं की माणूस पुढचा घास घेत नाही.

जखम भरायला डाळ, अंडं, दही यांच्यातली ताकद लागते. मुगाचं घट्ट वरण घ्या, पातळ पिठलं घ्या. अंडं चालत असेल तर मऊ भुर्जी करा, कांदा अगदी शिजवून. ज्वारीच्या कण्या ताकात रटरटून शिजवल्या की चावायचं काम राहत नाही, पोटही भरतं आणि गोड काही पोटात जात नाही. पण कण्या खरोखर शिजवा. अर्धवट राहिलेली कणी खड्ड्यात जाऊन बसते. आंबील चालेल, गूळ न घालता. शेजारी तेलुगू घर असेल तर इडली सांबारात बुडवून खायला तुम्हाला मी शिकवायला नको. दिवसातून दोनदा पोटभर जेवायचं जमत नसेल तर चार-पाच वेळा वाटी-वाटी खा, साखरेसाठीही तेच बरं.

शेंगाची चटणी मात्र अजून दोन आठवडे डब्यात राहू द्या. सोलापुरात राहून हे सांगणं म्हणजे पंढरपुरात राहून विठ्ठलाकडं पाठ करा म्हणण्यासारखं आहे, मला कळतं. पण खलबत्त्यात कुटलेल्या चटणीचे कण खरबरीत असतात. ते खड्ड्यात रुततात, वर तेल आणि तिखट. कारळं, जवस, तीळ, फुटाणे, चुरमुरे, सगळं त्यातच आलं. फारच जीव गेला तर भाजलेले दाणे पाणी घालून मिक्सरला गंधासारखे वाटा आणि त्याची आमटी करा. चव तीच, कण नाहीत.

पहिले दोन-तीन दिवस आम्ही पेशंटला चोखण्याची बंदी घालतो: स्ट्रॉ नको, प्लॅस्टिकच्या नळीतली पेप्सी नको, नळीचं हाड नको. चोखलं की तोंडात ओढ निर्माण होते आणि खड्ड्यातली रक्ताची गुठळी उपसून येऊ शकते. खालच्या दाढांपुरते तुमचे ते दिवस सरले. वरच्या दाढेसाठी मात्र अजून आठवडाभर चोखू नका आणि नाकही जोरात शिंकरू नका. वरच्या मागच्या दाढांची मुळं नाकाशेजारच्या पोकळीला अगदी लागून असतात, मध्ये कधी कधी कागदाएवढंच हाड असतं. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंका. पाणी पिताना ते नाकात येतंय असं वाटलं तर तसंच दवाखान्यात जा.

आता ते पांढरं. सुनेला सांगा, बॅटरी ठेवून दे. दाढ निघाली की खड्ड्यात रक्त साकळतं, आणि ती गुठळी म्हणजेच त्या जागेचं झाकण. गुडघा फुटला तर त्यावर तपकिरी खपली धरते, कारण ती जागा कोरडी असते. तोंडात सदा ओल, तिथं खपली वाळणार कशी? ती पांढरट-पिवळट आणि मऊच राहते. त्याखाली नवं मांस भरत असतं. त्या पांढऱ्याला पू समजून काडीनं, सेफ्टी पिननं, बोटाला फडकं गुंडाळून काढणारी माणसं मी पाहिली आहेत. काढतात, रक्त येतं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. पू असता तर घाण वास आला असता, दुखणं आणि सूज वाढत गेली असती, कदाचित तापही आला असता. तुमचं दुखणं दिवसेंदिवस कमी होतंय. मला एवढं वाक्य पुरे आहे. जीभ तिथं जाते ती जाणारच, तीन दाढांची जागा रिकामी झाली आहे, तिला नवल वाटतंय.

खड्डा साफ ठेवायला मिठाचं पाणी. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून चार-पाच वेळा, विशेषतः जेवल्यावर. खळखळ चूळ भरून पचकन थुंकायचं नाही. पाणी तोंडात घ्या, मान उजवीकडं कलती करा, थोडा वेळ धरा आणि तोंड उघडून पाणी आपोआप खाली पडू द्या. बाकीचे दात मऊ ब्रशनं रोज घासा. दुखतंय म्हणून ब्रश टांगून ठेवणं चूक. हळद, तुरटीची पूड, लवंगाचं तेल यातलं खड्ड्यात काहीही भरू नका. लवंगाचं तेल नुसतं लावलं तर कोवळं मांस भाजतं. गोळी कुटून जखमेवर दाबून धरणारेही असतात, त्यांच्या हिरडीवर नंतर पांढरा चट्टा दिसतो.

भाताचं बघा. भात खाल्ल्यानं पू होतो हे माझी आजीही म्हणायची, आणि ती बाई शहाणी होती. मला वाटतं, भात पांढरा, पू पांढरा, तेवढ्यावरनं ही समजूत धरली असावी. भातात पू करण्यासारखं काही नाही. शीत खड्ड्यात अडकलं तर मिठाच्या पाण्यानं निघून जातं. मऊ भात, वर भरपूर वरण, जरूर खा. साखर आहे म्हणून भात वाटीभर आणि वरण दोन वाट्या, एवढंच. सासूबाईंना खोटं पाडू नका. ‘डॉक्टरीणबाईंनी औषध म्हणून सांगितलंय’ म्हणा, आमच्या नावावर घरात बरंच काही खपतं.

नजरेची भीती निराधार आहे. दातांची संवेदना नेणारी शीर वेगळी आणि डोळ्याला दिसतं ती शीर वेगळी. एकीवर काम केलं म्हणून दुसरी विझत नाही. मग गावात इतक्या जणांचा अनुभव तसाच का? चाळिशी-पन्नाशीत दाढा किडून निघायला लागतात आणि त्याच वयात जवळचं अक्षर दिसेनासं होतं. दोन्ही एकदम येतं, आणि बोट दाढेकडं जातं. तुम्हाला पानावरची शीर किंवा सुईचं भोक दिसत नसेल तर चष्म्याचा नंबर काढा. साखरेमुळं वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासायलाच हवा. शेजारणीनं भलत्या कारणानं का होईना, आठवण बरी करून दिली.

मिश्रीबद्दल तुम्ही खरं लिहिलंत, म्हणून मीही आडपडदा ठेवत नाही. जखमेला दोन गोष्टी लागतात, रक्त आणि शांतता, आणि मिश्री दोन्ही काढून घेते. तंबाखूतल्या निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात, त्या जागी रक्त कमी पोचतं. वर बोटानं घासणं आणि थुंकणं, त्यानं गुठळी हलते. गुठळी निघून गेली तर आतलं हाड उघडं पडतं. आम्ही त्याला ड्राय सॉकेट म्हणतो. ते दुखणं साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी उसळतं, कानापर्यंत चढतं, गोळी घेऊनही रात्र काढवत नाही आणि तोंडाला वास येतो. खालच्या मागच्या दाढा आणि तंबाखूची सवय, या दोन्हींनी तो धोका वाढतो, आणि तुमच्यापाशी दोन्ही आहेत. चौथ्या दिवशी मिश्री लावूनही तुमचं दुखणं कमीच होत गेलं, हे तुमचं नशीब. पण तसं दुखणं सुरू झालंच तर घरी सोसत बसू नका. डॉक्टर खड्डा धुऊन औषधाची पट्टी भरतात, आणि बहुतेकांना त्याच दिवशी उतार पडतो.

‘मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही, डोकं चढतं’ हे मी हजार बायकांकडून ऐकलंय आणि ते ढोंग नसतं. तलफ आहे ती. तुम्ही विड्या वळता, म्हणजे सुपात तंबाखू मांडीवर घेऊन बसता, वास चोवीस तास नाकात. दुकानात न जाणाऱ्याला दारू सोडणं सोपं, गुत्त्यात राहणाऱ्याला नाही. तरीही तुम्ही तीन दिवस राहिलात. तीन दिवस हे सगळ्यात अवघड असतात आणि ते तुम्ही औषधाशिवाय काढलेत. आता निदान महिनाभर तरी, खड्ड्यावर हिरडी येईपर्यंत मिश्री नको. सकाळी डबीकडं हात जायच्या वेळेला मिठाच्या पाण्याची चूळ धरा, मग चहा. मिश्री भाजायचा तवा सुनेकडं द्या. विड्या वळून झाल्या की हात साबणानं धुतल्याशिवाय तोंडात बोट नको, कारण तंबाखूची भुकटी नखात असते. तलफ आवरेना तर १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडवण्यासाठी मदत करणारा सरकारी फोन आहे, पैसे पडत नाहीत. नंबर शोधायला लांब जायला नको, तंबाखूच्या पाकिटांवर आणि विडीच्या बंडलावरच तो छापतात. तुमच्या हाताखालनं रोज हजार विड्या जातात आणि त्यांच्यावर लागणारं लेबल तुमच्याचसाठी आहे, हे लिहिताना मलाच कसंसं होतंय.

आणि हे नीट ऐका. मिश्री लावणाऱ्या बाईच्या तोंडातली कुठलीही जखम तीन-चार आठवड्यांत भरली नाही, कडा कडक लागायला लागल्या, गालात किंवा जिभेखाली पांढरा नाहीतर लाल चट्टा दिसला, तर ‘दाढ काढली त्याचंच असेल’ म्हणून थांबायचं नाही. दाखवायचं. बहुतेक वेळा काही नसतं, पण बघितल्याशिवाय ते कळत नाही.

कडक भाकरीची तारीख देते. आमटीत किंवा दुधात मोडून, पूर्ण फुगून लगदा झालेली कडक भाकरी आताच चालेल. तोंडात कड टोचणार नाही एवढी भिजवा. नुसती कडाकडा मोडून, दह्याबरोबर, तीन-चार आठवड्यांनी, तीही आधी डाव्या बाजूनं. तोवर खड्ड्याचं तोंड हिरडीनं झाकलेलं असतं. आतलं हाड भरायला तीन ते सहा महिने लागतात, पण त्यासाठी भाकरी अडवून ठेवायची गरज नाही. मधल्या काळात हिरडीतून टोकदार काही जिभेला लागलं तर घाबरू नका. हाडाचा बारीक कण कधी कधी वर येतो. सुईनं उकरू नका. आपोआप पडतो, नाहीतर डॉक्टर मिनिटाभरात काढतात. टाके घातले असतील आणि ते विरघळणारे नसतील तर साधारण आठवडा-दहा दिवसांनी काढायचे असतात, म्हणजे आत्ताच. विचारून घ्या.

रात्री-अपरात्री कशासाठी धावायचं तेही सांगून ठेवते. रक्त वाहायला लागलं तर स्वच्छ कापसाची किंवा गॉजची घडी खड्ड्यावर ठेवून अर्धा तास घट्ट चावून बसा, मधून मधून उघडून बघायचं नाही. तरीही थांबेना, किंवा ताप आला, जबड्याखाली सूज उतरली, तोंड उघडेना, गिळताना-श्वास घेताना त्रास व्हायला लागला, तर सकाळची वाट न बघता सिव्हिल गाठा. खालचा ओठ अजून बधिर असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

रिकाम्या जागेचं तुम्ही विचारलं नाहीत, पण दोन-तीन महिन्यांनी त्याचा विचार करावा लागेल. शेजारचे दात त्या जागेकडं कलतात, समोरासमोरचा दात लांब होत येतो, आणि सगळं चावणं डाव्या बाजूवर पडलं की त्या दाढाही लवकर झिजतात. काढता-घालता येणारी कवळी स्वस्तात होते, इम्प्लांट महाग. निघाली ती अक्कलदाढ असेल तर तिच्या जागी काही बसवायची गरजच नसते. पैशाची अडचण असेल तर आधी सिव्हिलच्या दंतविभागात विचारा आणि तिथून किंमत कळल्यावरच कुणाला होकार द्या.

कागदातल्या दाढा राहिल्या. दुधाचे दात आपण तुळशीत पुरतो, पण या काही दुधाच्या नाहीत. नातवंडांच्या हाताला लागणार नाहीत अशा बेतानं टाकून द्या. त्याआधी एकदा नातवाला दाखवा मात्र, कीड कुठवर गेली होती ते. त्याच्याही हातात बिस्किटाचा पुडा असेलच.

तुमची,
डॉक्टरताई